दिल्लीचे गठ्ठे आणि तांड्याचा नाला

...आता तुम्हीच सांगा, मानसानं मुकाट बसावं तरी कसं? सकाळी पोस्टमन नागोराव दारात आला, गठ्ठ्यावर गठ्ठा दानकन आपटला अन् म्हने, "घ्या सदाशिवभाऊ, तुमची लोकसभा आली!" माह्यी लोकसभा! जसा काही मीच निवडून गेलतो! अहो, मी महागावच्या वाचनालयाचा फुकटचा चिटनीस. वाचनालय म्हंजे माह्याच घराची पुढची खोली, अन् त्या खोलीत आता परत पाय ठेवाले जागा नाई!

झालं काय, तुम्हाले सांगतो... नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याचा नाईक देवसिंग. पावसाळा लागला का तांडा तुटलाच, नाल्यातला चिखल बैलाच्या पोटाले लागते. तर आपल्या खासदारानं म्हने दिल्लीत सवाल केला, या तांड्याले रस्ता काहून नाई? देवसिंग आला धावत, "भाऊ, तांड्याचं नाव छापलं म्हन्ते, तो कागद मांगवून द्या ना!" मी लिहिलं. बस्स, तिथंच फसलो! तिकडं लोकसभेच्या छापील कागदाईचं गोदाम ठासून भरलेलं, शिलकी प्रती वाचनालयाईले फुकट वाटून राह्यले होते. कागद धाडला त्याईनं, पन संगं माह्या वाचनालयाचं नावच कायमचं वाटपाच्या यादीवर चढवून टाकलं! अन् कागदात काय? सवाल, तांड्याले रस्ता केव्हा? जवाब... माहिती गोळा करून राह्यलो!

अन् मंग सुरू झाले गठ्ठे! चर्चा आल्या, अहवाल आले, दीपस्तंभाईचा अहवाल आला... दीपस्तंभ! यवतमाळ जिल्ह्यात! इथं समुद्र पाह्यला कोनी? वरून नियम, विकाचं नाई, फेकाचं नाई, लोकाईच्या उपयोगासाठी जपून ठेवाचं. माह्यी बायको रजनी म्हने, "पाहुने आले त बसवू कुठं? दीपस्तंभावर?" मी दिल्लीले लिहिलं, बंद करा बाप्पा! जवाब काय आला असन? माहिती गोळा करून राह्यलो!

शेवटी देवसिंगच म्हने, "माह्या गोठ्यात ठेवा ना भाऊ, कोरडा हाये. आपल्या रस्त्याचे कागद होत ते." चला, म्हटलं, तांड्यात शाखा उघडली! बैलबंड्या भरभरून पोचोले. अन् दर खेपेले त्याचं एकच, "भाऊ, या गठ्ठ्यात आला का आपला रस्ता?" मी पानं चाळो... कायचा रस्ता! माहिती गोळा करून राह्यले!

अन् आला श्रावन. मी नवा गठ्ठा घेऊन तांड्यावर गेलतो, अन् त्याच दुपारी देवसिंगाची सून भुरीबाई अडली. सुईनीनं हात टेकले. बंडीत घातलं, निंघालो दवाखान्याले, अन् नाल्यात चाकं रुतली, बैल बसले! भुरीबाई "याडी ये, याडी ये" करून आईले हाका मारून राह्यली, अन् देवसिंग उलट्या पायी पळाला गोठ्याकडं... आला तो डोक्यावर गठ्ठा! मांगं सारा तांडा, साऱ्याईच्या डोक्यावर गठ्ठे! मी बोंबललो, "नाईक, सरकारी कागद हाये! नियम हाये!" तो थांबला. "भाऊ, पोरगी मरते." बस, एवढंच. माह्या बगलेतला नवाकोरा गठ्ठा, चाकाखाली पहिला मीच घातला. रडू येत होतं मले, खोटं कायले सांगू! मंग चर्चा गेल्या, दीपस्तंभ गेले, अन् चाक चढलं! सांजेले नातू झाला देवसिंगाले, मायलेकरू खुशाल.

तांड्यानं मंग त्या गठ्ठ्याईवर मुरूम पसरला. पन महिन्याभरानं दिल्लीचा साहेब आला ना, कागद नीट ठेवले का पाहाले! म्हटलं, अब्रू जाईन, पन गठ्ठे तरी बंद होतीन. गोठ्याकडं निंघालेला साहेब नाल्यात उभा, चकचकीत बूट, अन् बुटाखाली मुरूम, मुरमाखाली दीपस्तंभ! देवसिंगाले इचारते, "इन किताबों से लोगों को कुछ फायदा हुआ?" देवसिंगानं हात जोडले, "साब, मेरे घर के दो जीव बचे इनसे." साहेबाचे डोळे भरून आले हो! मले म्हने, "पूरा देश घूमा, ऐसा पुस्तकालय नहीं देखा! अब से दो-दो प्रतियाँ भेजेंगे!" मी भीत भीत म्हटलं, "अन् रस्ता, साहेब?"

"जानकारी इकट्ठी हो रही है."

तर आज हे डबल गठ्ठे! नागोराव गेला, मी पानं चाळली, अन् पाहतो त देवसिंग बंडी जुपून दारात उभा. म्हटलं, "नाईक, पुरं चाळलं मी, याच्यात बी नाई तुमचा रस्ता." तो हसला, गठ्ठा उचलून बंडीत ठेवला अन् म्हने, "हाये ना भाऊ. अर्धा झाला, अर्धा राह्यला."