सोडलेला चेंडू

— नाही नाही, तो कागद आधी घडी करून खिशात घाला. वाचला मी. दोनदा वाचला, चष्मा पुसून वाचला. आता तो काउंटरवर नको — इथे ओले हात असतात, वाफ असते, आणि मुख्य म्हणजे चार वाजता बायको येते. बसा ना, उभे का? तो स्टूल घ्या, त्यावरची चादर सरकवा, धुतलेलीच आहे. कोट? मिळेल हो कोट, इस्त्री फिरवायला कितीसा वेळ लागतो — पण तुम्ही कोटासाठी आलाच नाहीत, हे मला दारातच कळायला हवं होतं. इतका स्वच्छ कोट लॉन्ड्रीत कोण आणतं? सरळ सांगायचं ना, की मी पुस्तक लिहितोय, लाल क्लब आणि पिवळा क्लब अशा दोन्हीकडून फुटबॉल खेळलेल्या माणसांवर. एकतीस जण म्हणालात? आणि मी कितवा — सतरावा. बघा, शाळेत माझा नंबर कधी इतका वर आला नव्हता.

बाकीचे तीस हसत बोलले असतील तुमच्याशी. त्यांचं काय जातं? त्यातले बरेचसे लाल क्लब सोडून आधी कुठेतरी लांब गेले, दोन-तीन वर्षं तिसऱ्याच गावात खेळले, मग हळूच पिवळ्यात आले. मधे दोन-चार धुण्या झाल्या की रंग उतरतो, लोक विसरतात. मी सरळ पूल ओलांडला — नदीच्या एका काठाला लाल, दुसऱ्याला पिवळा. शनिवारी लाल, सोमवारी पिवळा. का? — अहो, का म्हणजे काय, खेळायचं होतं म्हणून! अकरा वर्षं लाल क्लबाचा बचाव सांभाळला, जागचा हललो नाही म्हणून लोक मला खुंटा म्हणायचे — आणि बाराव्या वर्षी नवा कोच आला आणि त्याने खुंटा उपटून बाकावर ठेवला. वर्षभर बसलो. बसून बसून बूड लाकडाचं झालं. एकतिसाव्या वर्षी फुटबॉलवाल्याचं एक वर्ष म्हणजे काय असतं, ते तुम्हाला लिहिणाऱ्यांना नाही कळायचं. पिवळेवाले म्हणाले, ये, पहिल्या दिवसापासून खेळवतो. गेलो. एवढंच. फितुरी नाही, हाव नाही, काही नाही — पाय शिवशिवत होते. पण हे एवढं साधं कुणाला पटत नाही. आणि आता गंमत बघा, दोन्ही क्लबांचे कपडे याच पुलावरून पुढच्या लॉन्ड्रीत जातात, माझ्याकडे एक मोजा येत नाही. लालवाले म्हणतात, याच्याकडे दिले तर पिवळे डाग पडतील. पिवळेवाले म्हणतात, रंग जाईल. धोब्याचं कुत्रं, ना घरचं ना घाटचं — आणि इथे तर धोबीसुद्धा मीच आणि कुत्रंही मीच!

— हो बाई, पडदे झालेत, पण दुसरी इस्त्री राहिलीय. पाचला या. हो, पाचला नक्की.

काय सांगत होतो? हां — घर. ते तुमच्या कागदात नाही, म्हणून सांगतो, पण छापायचं नाही हं. माझे सासरे लाल क्लबाच्या मैदानाचे माळी. मैदानाच्या भिंतीला लागून दोन खोल्या, तिथेच बायको वाढली, तिच्या पाळण्याला लाल फडकं होतं म्हणतात. आणि तिचा थोरला भाऊ लाल क्लबाचा गोलकीपर. हो, तोच, ज्याचा कागद तुम्ही खिशात घेऊन फिरताय. त्याला सगळे भिंत म्हणायचे, घरात दादा. मी त्याच्यापुढे अकरा वर्षं खेळलो. म्हणजे पाठ त्याच्याकडे आणि तोंड जगाकडे. तो मागून ओरडायचा आणि मी करायचो. "डावीकडे" म्हटलं की डावीकडे. "मार" म्हटलं की मार. आणि "सोड" म्हटलं की सोड — म्हणजे चेंडू माझा आहे, तू हात पसरून बाकीच्यांना अडव, मी उचलतो. विचार नाही करायचा. विचार केला की गोल झालाच. सकाळी सहाला तो मला मैदानावर उभा करायचा, डोळ्यांवर पट्टी बांधून, आणि नुसता आवाज द्यायचा. शंभरदा, दोनशेदा. झोपेत "सोड" म्हटलं असतं तर मी उशी सोडली असती.

मी पूल ओलांडला तसं सासऱ्यांनी सांगून पाठवलं, लेकीने यावं, जावयाने उंबरा चढू नये. बायको म्हणाली, जिथे माझा नवरा नाही तिथे मीही नाही. शाबास, म्हणालो मी मनात! पण थांबा — तिकडे गेली नाही, आणि इकडे माझ्याशी बोलली नाही. चार महिने. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पाठ फिरवायची. अंथरूण घालायची ते भिंतीला नाक लावून. मी एकदा म्हटलं, अगं, शिव्या तरी दे. तर म्हणाली, शिव्या आपल्या माणसाला देतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसे ते चार महिने.

आणि मग तो सामना. त्याचं काय सांगायचं, त्याचा फोटो तुमच्याकडे आहेच — असणारच, तोच तर छापायचाय तुम्हाला. हंगामातला शेवटचा सामना, लाल विरुद्ध पिवळे. आम्ही — म्हणजे पिवळे — जिंकलो नाही तर खालच्या गटात जाणार. लालवाल्यांना बरोबरी पुरत होती. शेवटची दोन मिनिटं, कुणाचाच गोल नाही, आम्हाला कॉर्नर मिळाला. कोच ओरडला, सगळे पुढे! मी बचावाचा माणूस, पण गेलो पुढे. चेंडू आला, चार-पाच डोकी आपटली, दादा एका बाजूला गुडघ्यावर पडला आणि चेंडू टप्पा खात माझ्या पायाशी. समोर उघडा गोल. उघडा हो! तुम्ही कोट घालून, एक हात खिशात ठेवून मारला असता. मी पाय उचलला — आणि आवाज आला. "सोड!"

सोडला.

नुसता सोडला असता तरी एक वेळ निभावलं असतं. मी वळलो, हात पसरले आणि आमचाच, पिवळा, पुढे धावत आलेला गडी पाठीने अडवला. दादाने उठून शांतपणे चेंडू उचलला. तोच फोटो. पिवळा सदरा घालून मी लाल गोलकीपरची राखण करतोय, हात असे पसरून, चेहऱ्यावर काय ते कर्तव्य! पिवळेवाले खाली गेले, ते अजून वर आलेले नाहीत. ड्रेसिंग रूममध्ये कुणी हात लावला नाही मला. जागा करून दिली, एवढंच. बुटांच्या नाड्या सोडायला मला अर्धा तास लागला. त्यानंतर एकही सामना खेळलो नाही. लालवाले म्हणाले, बघा, रक्त लालच होतं, पण असला फितूर आम्हाला नको. पिवळेवाले काय म्हणाले ते तुम्ही छापू शकणार नाही.

तर मग सांगितलं का नाही, की तो ओरडला? — हेच विचारणार होतात ना? सगळे हेच विचारतील. समोरच्या संघातल्याला फसवायला असं ओरडणं नियमात बसत नाही. रेफरीने ऐकलं असतं तर शिट्टी वाजली असती, दादाला कार्ड दाखवलं असतं. पण पाच-सात हजार माणसं बोंबलत होती, ऐकलं फक्त मी. आणि मी मनाशी म्हणायचो, सवयीने ओरडला असेल. मी जसा सवयीने सोडला, तसा तो सवयीने ओरडला. त्यालाही कुठे कळलं असेल की मी आता पिवळा आहे! आपलेच दात, आपलेच ओठ. एकोणीस वर्षं मी हे धरून चाललो. मला त्यात बरंही वाटायचं, खरं सांगतो. वाटायचं, त्या एका क्षणापुरते आम्ही दोघं परत एका बाजूला होतो.

आणि आता तुम्ही हा कागद आणलात. "मी मुद्दाम ओरडलो. तो सोडणार हे मला ठाऊक होतं. त्याची काही चूक नाही." सही, तारीख. ठाऊक होतं! अहो, डोळ्यांवर पट्टी बांधून सकाळी सहाला जे शिकवलं, तेच — जाऊ द्या. वाफ गेली डोळ्यांत. या इस्त्रीचं झाकण सैल आहे, किती दिवस म्हणतोय बदलीन.

छातीच्या दुखण्याने पडलाय ना तो, म्हणून त्याला मोकळं व्हायचंय. होऊ दे की! पण माझ्या घरावरून रस्ता कशाला काढायचा? तुम्हाला वाटतंय, तुम्ही माझ्यावर उपकार करताय. कलंक धुतला जाईल, म्हणालात. कलंक! लोकांचे डाग धुण्यात एकोणीस वर्षं गेली माझी, मला सांगताय? काही डाग काढायला गेलं की कापडच फाटतं. मग आम्ही ते परत देतो, म्हणतो, राहू द्या, घडी आत घाला, दिसत नाही.

ऐका. त्या सामन्यानंतर मी घरी आलो, दिवे लावले नाहीत, बसून राहिलो. बायको आली. चार महिन्यांनी माझ्या समोर बसली. माझे बूट काढले तिने. म्हणाली, "दादासाठी सोडलात ना? माझ्यासाठी?" आणि रडली. मी — मी काय बोलणार होतो? नाही गं, सवयीने सोडला, शिट्टी ऐकून कुत्र्याने थांबावं तसा? गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं म्हटलं स्वतःला. त्या आठवड्यात सासऱ्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. मला पहिलं ताट. पुढच्या वर्षी मुलगी झाली. हे दुकान बायकोनेच काढायला लावलं, काउंटरचा रंग तिने निवडला. भांडलो की ती मध्येच थांबते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "जाऊ दे, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत." एकोणीस वर्षांत हजारदा म्हणाली असेल. बाई माझ्यावर माया करते ती त्या माणसावर, ज्याने चेंडू जाणून सोडला. आणि तो माणूस कधी नव्हताच. त्याचे कपडे घालून मी वावरतोय, आणि काढायचे तर खाली माझं अंग उरलंय की नाही तेही मला माहीत नाही.

— हे मी तुम्हाला का सांगतोय? कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही वही काढू नका. काढू नका म्हटलं ना!

बहिणीला तोंडावर सांगायची हिंमत नाही दादाला. आत्ता ती तिथेच आहे, रोज दुपारी त्याचा डबा घेऊन जाते, उशी नीट करते, औषध देते. तिला नाही सांगत, तुम्हाला लिहून देतो. पुस्तकात छापून आलं की ती वाचेल. मग काय, एका पानात तिचा भाऊही गेला आणि नवराही. भाऊ लबाड आणि नवरा... नवरा नुसताच गप्प. झाकली मूठ आहे साहेब, राहू द्या. माझं पान काढून टाका. तीसच घाला, तीस हा चांगला आकडा आहे. जमत नाही? फोटोशिवाय पुस्तक होत नाही? बरं, मग दुसरं सांगतो. त्याचा कागद छापूच नका, आणि छापायचाच झाला तर शेजारी माझंही म्हणणं छापा — म्हातारा भ्रमात बोलतोय म्हणावं, बहिणीच्या नवऱ्याला वाचवायला. लोक माझंच खरं मानतील. माझ्याबद्दल वाईट असलं की या गावाला लगेच पटतं. लिहा, मी — थांबा. बस आली. तिचीच आहे. तो कागद आत आहे ना? नीट आत घाला, टोक दिसतंय.

आलीस? दमलीस का? कसा आहे दादा? — बरं, बरं झालं जेवला ते. हे... हे पुस्तकवाले आहेत. दोन्ही क्लबांच्या खेळाडूंवर लिहितायत. हो, त्या चेंडूचंच विचारतायत. दुसरं कोण काय विचारणार मला? मी सांगत होतो यांना — घ्या साहेब, आता वही काढा, आता लिहा, हिच्यासमोरच सांगतो — मी तो चेंडू जाणून सोडला. कुणी ओरडलं नाही, कुणी सांगितलं नाही. समोर हिचा भाऊ होता, मी पाय मागे घेतला. फितूर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. सही? द्या, सहीही करतो. कुठे, इथे?

झालं.

अगं, रडतेस काय परक्या माणसासमोर? पूस डोळे. — काय? नको नको, कशाला? ... ऐकलंत साहेब, ही काय म्हणते ते? म्हणते, मोठ्या अक्षरात छापा. म्हणते, एकोणीस वर्षं यांनी तोंडाने कबूल केलं नव्हतं, आज केलं. आणि म्हणते, पहिली प्रत तिला द्या. दादाच्या उशाशी बसून तीच त्याला वाचून दाखवणार आहे.

हा घ्या तुमचा कोट. नाही, पैसे नकोत. चहाही नको त्यांना, निघालेत ते. जा आता. जाताना दार ओढून घ्या.