पळून न गेलेला तारा

समारंभाचे अध्यक्ष नामदेवराव, व्यासपीठावरचे मान्यवर, काचीगुड्यातले आपले सगळे मराठी बंधुभगिनी, आणि जेवणाच्या वासानं माझ्याकडे पाठ फिरवून बसलेली मागची रांग, सर्वांना नमस्कार.

आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती, खगोलशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. रेणुका या माझ्या पत्नी. मी अमरदीप, इथं जवळच कोठीच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. इतकी वर्षं संसार केला, पण हिला घरातली संपलेली साखर कधी दिसली नाही. दिसले ते भन्नाट वेगानं पळणारे तारे!

आपल्या याच मराठी मंडळानं हिचा पहिला सत्कार केला, तो असाच एक तारा सापडला म्हणून. आकाशगंगा सोडून पळून चाललाय म्हणे! नामदेवरावांनी तेव्हा फटाके लावले होते. पण वेग मोजला होता एकदाच. पुढं हिनं पुन्हा मोजला, तर तो पठ्ठ्या आपल्याकडेच येत होता. पळत नव्हताच तो. शेजारी एक विझलेला, न दिसणारा तारा होता आणि दोघं एकमेकांभोवती गरगरत होते, म्हणून तो कधी लांब जाताना दिसे, कधी जवळ येताना.

आता सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? गप्प बसतो. विभागप्रमुखपदाची मुलाखत तोंडावर आलेली. नामदेवराव घरी येऊन म्हणाले, "मॅडम, जरा थांबा की. आमच्या स्मरणिकेत तुमचा फोटो आहे." मीही तेच म्हणालो. आमची आई, चतुराबाई, तिथंच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "दोघं फुगडी खेळतेत तर तसं सांग ना बाई. लोक काय शाल वापस मागतेत?"

हिनं चूक जाहीर केली. पद गेलं. मी कितीतरी दिवस हिच्याशी धड बोललो नाही. हिनं मात्र अशा जोड्याच शोधायचं मनावर घेतलं, आणि दुसऱ्यांनी पळाले म्हणून जाहीर केलेले कितीतरी तारे घरी आणून सोडले. मला हिचा फार अभिमान वाटतो. हे घरी बोलायची सोय नाही, म्हणून इथं बोलतो.

मंडळाचे मनापासून आभार. एकच अडचण आहे. आजच्या मानपत्रात "आकाशगंगा सोडणाऱ्या ताऱ्याच्या संशोधक" असंच छापलंय. हिनं शाल घेतली, पण मानपत्राला हात लावलेला नाही. मघापासून नुसती माझ्याकडे बघते आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मानपत्रातलं मात्र पोटात घालू नका, नामदेवराव. हे घ्या पेन.