सारवलेला हौदा

तुम्ही मोटारी जपायच्या गोष्टी सांगताय खरं, पण आमच्या काकीनं जपली तशी मोटार कुणी जपली नसेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, पुण्याहून एक जुनी मालमोटार आणली. मागच्या हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, म्हणून वरवे गावच्या सुताराकडून आंब्याच्या नव्या मारून घेतल्या. लाकूड निघालं ओलं. उन्हात सुकून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आणि भोरच्या बाजाराला निघालेला आमचा तांदूळ वाटभर सांडत गेला.

काकी म्हणाली, "तुमी व्हा बाजूला. मी बघती."

तिनं शेणामातीत भाताचा कोंडा कालवून फटींत चेपला आणि अख्खा हौदा खळ्यासारखा सारवला. पुढच्या खेपेला दाणा सांडला नाही. तात्या खूश.

पण काकी दर खेपेनंतर सारवायला लागली. मग चढणाऱ्यांना वहाणा काढायला लावायला लागली. मग म्हणाली, "सारवल्या जागी कोळशाची पोती नगंत." तात्यांनी कोळसा सोडला. उन्हाळ्यात तिनं हौद्यात कुरडया वाळत घातल्या, तेव्हा तर मोटार दारातून हललीच नाही.

त्यातच रस्त्याचं काम निघालं आणि शिवरे गावचा ठेकेदार दारात आला. तात्या अशाच मोठ्या कामाची वाट बघत होते.

"तात्या, पावसाळ्यापत्तूर रोज खडी वाहायची हाय. येणार का मोटार घिऊन?"

तात्यांनी मोटारीकडं बघितलं, उंबऱ्यात उभ्या काकीकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "खडी धुतल्याली हाय का?"