नाक्यावरची वही

त्या सकाळी मी पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांतल्या चादरी काढून भिजत घातल्या, गाद्या उन्हात टाकल्या आणि भांडी घासायला बसले. आमचे हे पायरीवर बसून पांढऱ्या रंगाचा डबा काडीने ढवळत होते. वरच्या वाटेवरचे बाण पुसट झालेत, म्हणाले. मी म्हटलं, रंग पायरीवर सांडू नका. एवढंच आमचं बोलणं झालं.

पण थांबा. माझं हे असंच होतं, उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधीच गोष्ट सुरू. आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, मुख्य कचेरीतून एवढा घाट चढून आलेले पाहुणे, ज्यांच्या शाळेच्या सभागृहात आपण बसलो आहोत त्या मुख्याध्यापिकाबाई, आजचे सत्कारमूर्ती आमचे वहीवाले भाऊजी, त्यांच्या पत्नी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांसह सगळ्या गावकऱ्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं शिक्षण पाहुणे उशाखाली विसरून गेले त्या पुस्तकांवर भागवलं. एका पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती, त्याचा शेवट मी मनानेच लावून टाकला. तेव्हा वाक्य कुठे अडखळलं तर चालवून घ्या.

गावाचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितला, तो मी पुन्हा दळत बसत नाही. बाहेरच्यांसाठी दोन शब्द. आपल्या आजे-पणज्यांनी या डोंगरातून छपरांच्या दगडी पाट्या काढल्या आणि त्या पाठीवर वाहून आणण्यासाठी पायऱ्या खोदल्या. पुढे खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचून तळं झालं, आणि ते तळं बघायला लांबलांबून माणसं यायला लागली. माझे सासरे म्हणायचे, ज्या पायऱ्यांनी आमचे गुडघे खाल्ले, त्या चढून दम लागावा म्हणून आता लोक रजा काढतात.

एका वर्षी त्यातले दोघे वरच राहिले. त्यानंतर नाक्यावर वही आली. वर जाताना नाव लिहायचं, खाली आल्यावर आपल्या हाताने खोडायचं. नाका बंद करताना एखादं नाव खोडायचं राहिलं असेल तर भोंगा वाजवायचा, की उजेड आहे तोवर माणसं शोधायला निघतील. ही वही भाऊजींनी सव्वीस वर्षं सांभाळली.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे वाटाड्या होते, वाटेची डागडुजीही करायचे. वर जाताना नाव लिहायचे, पण येताना नाक्यावरून कधीच आले नाहीत. मधली वाट थेट आमच्या परसात उतरते; घर समोर दिसत असताना नाव खोडायला अर्धा कोस वळसा कोण घालणार? मग भाऊजींनीच सोय काढली. नाका बंद केला की वही काखेत मारून ते आमच्या खिडकीवरून घरी जायचे आणि रस्त्यातूनच विचारायचे, "वहिनी, आले का?" मी म्हणायची, "आले." की खिडकीच्या कठड्यावर वही टेकवून ते नाव खोडायचे. कधी हे स्वतःच आतून ओरडायचे, आलो बाबा, खोड मला एकदाचं. किती वर्षं चाललं हे? पंधरा तरी. नियमात बसत नव्हतं. पण घरच्या माणसाला कोणी नियम लावतं का?

मघाशी अध्यक्षांनी भाऊजींचा गौरव करताना म्हटलं, एक दुर्दैवी चूक वगळता निष्कलंक सेवा. वाईट हेतूने म्हटलं नाही, हे मला ठाऊक आहे. मानपत्रातही तेच वाक्य आहे. मी ते मघाशी टेबलावर वाचलं. समोर दिसेल ते वाचायची मला खोड आहे. ते मानपत्र आता काचेच्या चौकटीत बसून भाऊजींच्या भिंतीवर लागणार. येणारा-जाणारा वाचणार. नातवंडं वाचणार. म्हणून मी हात वर करून बोलायला वेळ मागितला. नाहीतर मी सभेत बोलणारी बाई नव्हे.

ती चूक तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींनी न विचारता, नुसत्या सवयीने आमच्या ह्यांचं नाव खोडलं, आणि हे तळ्याच्या वरच्या अंगाला पाय मोडून पडले होते. भोंगा वाजलाच नाही. दिवेलागणीनंतर मी माणसं गोळा केली तोवर धुकं उतरलं होतं. पहिल्या वळणावरून सगळे परत आले. सकाळी हे सापडले. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

असं तुम्हाला माहीत आहे. आता मला माहीत आहे ते सांगते.

त्या संध्याकाळी मी खिडकीशी वाचत बसले होते. पुस्तक नवं होतं, त्याच सकाळी एका पाहुण्याच्या उशाखाली सापडलेलं. वाचायला लागले की मला भान राहत नाही. माझी जाऊ म्हणायची, हिच्या डोक्यावरचं छप्पर उडालं तरी ही पान उलटून मगच वर बघेल. आणि हे म्हणायचे, मी किती वाजता आलो ते हिला विचारू नका, कितव्या पानावर आलो ते विचारा. तर परसात बादली वाजली. मला वाटलं, हे आले, हात धुताहेत. मी मान वर केली नाही. जाऊच आमची बादली न्यायला आली होती, ते मला दीड तासाने कळलं.

भाऊजी खिडकीशी आले. रोजच्यासारखंच त्यांनी विचारलं. रोजच्यासारखंच मी "आले" म्हटलं. कठड्यावर वही टेकवल्याचा आवाज ऐकला आणि पान उलटलं.

त्यांनी विचारलं होतं. चूक त्यांची नव्हती.

मागच्यांनी जरा शांत व्हा. मी फार लांबवत नाही.

त्या चुकीपायी भाऊजींची कचेरीत बदली व्हायची ती राहिली आणि ते नाक्यावरच म्हातारे झाले. तुमच्यातल्या काहींनी, आणि ते कोण हे मला इथून दिसतंय, त्यांची टवाळी केली. वहीवाले, आमचं नाव जपून खोडा हं, आम्हाला बायको-पोरं आहेत. भाऊजी हसायचे. त्यांच्या पत्नी मात्र बाजारात यायच्या बंद झाल्या.

आणि त्या दिवसापासून भाऊजींनी माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही नाव खोडू दिलं नाही. ज्याचं नाव राहिलं असेल, तो ज्या घरी उतरला असेल तिथे भाऊजी जायचे. पाहुणे वैतागायचे. कोणी न्हात असायचं, कोणी जेवत. भाऊजी आपले दारात उभे. आमच्याकडेही यायचे. मी सांगायची, भाऊजी, आलेत सगळे. ते खाली बघून म्हणायचे, "दिसू देत, वहिनी." अकरा वर्षं मी ते दोन शब्द ऐकले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही विचाराल, बाई, मग एवढी वर्षं तोंडाला कुलूप का? बरोबर आहे. ह्यांना निरोप दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी भाऊजी घरी आले. माझ्या पुढ्यात निवडायचं धान्य होतं, पण हात चालत नव्हता. ते बसलेही नाहीत. म्हणाले, "उद्या चौकशीला साहेब यायचेत. मी सांगणार आहे, मी विचारलंच नाही. तुम्हाला या गावात राहायचंय, दोन खोल्यांवर पोट आहे. लोक बाईला सोडत नाहीत, वहिनी. वही माझी, नियम मी मोडला, तेव्हा ते माझ्याच अंगावर राहू द्या."

मी उठले. पाणी दिलं. ते प्यायले आणि गेले.

भाऊजी, तुम्ही मघापासून हाताने मला थांबा म्हणताय. आज नाही थांबणार.

अध्यक्षांना माझी हात जोडून विनंती आहे की ते वाक्य मानपत्रातून काढावं. मजकूर पुन्हा लिहावा लागेल, चार दिवस जातील, जाऊ देत. कचेरीतल्या पाहुण्यांना सांगायचं ते मी तीन पानांवर लिहून आणलंय, खाली सही आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्यावं. मला बोलू दिलंत याबद्दल मुख्याध्यापिकाबाईंचे आणि संयोजकांचे आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे काढलं, कोणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. भाऊजींच्या पत्नीपाशी क्षमा मागायचं तोंड मला नाही. त्यांनी नाही केली तरी मी त्यांना दोष देणार नाही.

एक सांगायचं राहिलं, ते सांगून खाली बसते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. चांगले सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, नाव खोडण्याआधी नाक्यावरच्या माणसाने तुम्हाला विचारलं होतं का? भाऊजी दारात उभे होते. मी "नाही" म्हणाले, आणि साहेबांनी कागद पुढे केला तिथे सही केली.