घोरपडीचं पिल्लू

हसा लेकहो, पण मी एकडाव घोरपडीचं पिल्लू पाळलंतं. कापूस वेचताना वावरात सापडलं, वीतभर. घोरपड घरात आली तं घर उजाड होते, म्हणून बायकोनं त्याले अंगणातच टोपल्याखाली ठेवाले लावलं. मी शहाणा त्याले दूध पाजत होतो. पौषाच्या थंडीत ते एका सकाळी लाकडासारखं पडलं, तोंडही उघडेना.

"मेलं वाटते," मी म्हटलं.

"मेलं नाही, गारठलं. अन् दूध कायले पाजता? गाईचं वासरू हाये काय ते?" बायको खेकसली.

दुपारी वावरातून आलो, तं ही चुलीपाशी बसून त्याले नाकतोडे चारून राह्यली.

"काहून? आता घर उजाड नाही होत?"

"घरात कुठं हाये?" ती म्हणे, "माह्या पदरात हाये."