रणगाड्यातली दादासोची जागा

हंबीरराव : अगं, तू हात लावल्याबिगार जाईल कुठं? सकाळी हितंच टेबलावर वाळत ठिवला हुता.

बनुबाई : टेबलावर तुमचा समदा दारूगोळा पसरलाय. रंग, चिमटं, प्लॅस्टिकचं तुकडं. हत्तीबी हरवंल त्यात. काय न्हाई सापडत?

हंबीरराव : चौथा गडी. करंगळीएवढा. अंकितानं पुण्यासनं खोकं धाडलं, त्यात रणगाड्याबरुबर चार गडी हुते. तिघं चिकटवलं, आन् चौथा गायब.

बनुबाई : मग तिघांवर भागवा. नात काय मोजत बसतीया व्हय?

हंबीरराव : नातीचं न्हाई गं. उद्याच्या यष्टीनं आटपाडीला न्यायचाय. हरणाबाई यात्रंत काय म्हणाली, इसरलीस? 'भावजी, ह्यांची गाडी कशी हुती, मी कवा बघितलीच न्हाई.' आता गाडी न्यायची आन् तिचा नवराच हितं ठिवायचा?

बनुबाई : त्यो चौथा दादासो हाय, ठावं हाय मला.

हंबीरराव : कुणी सांगितलं?

बनुबाई : तुमीच. रंगवताना बोलत हुतासा त्याच्यासंगं. 'मान वर कर रं गड्या, कॉलर ऱ्हायलीय.' मी दारात च्या घिऊन हुबी. च्या निवला, पर पाय आत पडंना.

हंबीरराव : म्हातारा झालोय. बडबडतोय आपला.

बनुबाई : केर काढताना टेबलाखाली घावला. त्याला केरात कसा भरू? उचलला आन् देव्हाऱ्यात ठिवला, वीराच्या चांदीच्या टाकाशेजारी.

हंबीरराव : देव्हाऱ्यात? प्लॅस्टिकचा गडी?

बनुबाई : मग? लढाईत गेलेल्या माणसाला आपल्यात तितंच जागा असती. तुमच्या चुलत आज्याचा टाक बी तितंच हाय की. थांबा, आणते.

(ज्या बाईनं इतकी वर्षं या खेळण्यांच्या नावानं बोटं मोडली, तीच आज एका बाहुल्याला ओंजळीत धरून आणते.)

हंबीरराव : आन् ह्ये काय? निम्मं त्वांड लाल केलंस की!

बनुबाई : देवांना कुकू लावलं, त्याला कसं वगळू? माझं बोट केवढं, त्याचं कपाळ जुंधळ्याच्या दाण्याएवढं.

हंबीरराव : दे त्यो चिमटा.

बनुबाई : चष्मा कुठाय तुमचा?

हंबीरराव : चष्म्याबिगार दिसतंय मला.

बनुबाई : मग टेबलाखालचा गडी कसा दिसला न्हाई? सरका तिकडं. मी अजून सुईत दोरा ववतीया. सांगा, कुठं बसवू ह्याला?

हंबीरराव : वर, डाव्या झाकणात. तोफंत गोळा भरायचा त्यो. मी म्होरं गाडी हाकायला. कानाला फोन लावलेलं असायचं, त्यातनं आटपाडीच्या ओव्या म्हणायचा. सायेब शिव्या द्यायचं, आन् जरा वेळानं तेच म्हणायचं, 'म्हण रे पुढचं.'

बनुबाई : बसला बघा. कसा ऐटीत बसलाय! गोंद कुठाय?

हंबीरराव : त्याला गोंद लावू नगंस.

बनुबाई : आवं, तिघास्नी लावलाय की. यष्टीच्या हादऱ्यानं पडंल त्यो.

हंबीरराव : मांडीवर धरून नेतो. पर त्यो भायेर निघाला पायजे. हरणाबाईनं दोन बोटांत धरला की अलगद वर आला पायजे. गाडी पेटली तवा आमी तिघांनी ते झाकण लय वढलं गं. हात भाजलं. अडकलं ते अडकलंच.

बनुबाई : बरं. न्हाई लावत.

हंबीरराव : तिच्या हाताला राखंबिगार काय लागलं न्हाई.

बनुबाई : डोळं पुसा आधी. आन् थांबा, ह्याचं कुकूबी पुसते, तुमचा रंग खराब झालाय.

हंबीरराव : ऱ्हाऊ दे. घरी चाललाय त्यो.