आक्काच्या खिडकीखालचं झुडूप

...आणि वर लोक मलाच विचारायचे, पाणी घालता ना? आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने चार वर्षं एका झुडपाची उंची दर रविवारी पट्टीने मोजून लिहून ठेवली, तो पाणी घालायला विसरेल? वहीत आहे, दाखवतो.

झुडूप आक्काचं. म्हणजे लावलं मी, हट्ट तिचा. आक्का माझी थोरली बहीण, आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, आणि शेवटी शेवटी खिडकीपाशी पलंगाला खिळलेली. एकदा म्हणाली, "बाळ्या, एक झुडूप असतं बघ, थंडी सरता सरता नुसत्या काड्यांवर पिवळी फुलं येतात, पान नाही काही नाही, पण वास असा की सर्दीतही येतो. ते लाव खिडकीखाली." मी बावन्न वर्षांचा बाळ्या गेलो, आणलं, लावलं. तारीख वहीत आहे.

पहिली थंडी गेली, फूल नाही. म्हटलं, लहान आहे. दुसरी गेली... आक्का म्हणते, "काड्या मात्र छान आल्यात हो." तिसरी गेली. "घाई नाही रे, पण त्याला फुलं यायच्या आधी मलाच वाहायची वेळ येणार." माझ्याकडून कसर नव्हती. खत वेळेवर, आणि दरवर्षी पानं गळली रे गळली की छाटणी, चहूबाजूंनी सारखी, दोरी लावून गोल. गल्लीत एवढं नीटस झुडूप दुसरं नव्हतं, आणि एवढं वांझही.

चौथ्या थंडीत डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "महिनाभर धरून चाला." मी वही काखेत मारली आणि तडक रोपवाटिका गाठली. रोपवाटिकावाला पान उलटतोय, उलटतोय... "काका, ही छाटणी पानगळीनंतर?" म्हटलं, दरवर्षी, न चुकता. "अहो, याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, जुन्या काड्यांवर. छाटायचं ते फुलून गेल्यावर. तुम्ही दरवर्षी फुलंच कापून टाकलीत की." आणि कुठल्या दिवशी किती इंच कापलं, तेही माझ्याच अक्षरात... वहीत आहे.

धावत घरी आलो. भिंतीच्या अंगाला, जिथे कात्री पोचत नाही, तिथे एक काडी वाचलेली. पाच कळ्या, घट्ट मिटलेल्या. आक्काला सगळं सांगितलं, लपवायचं काय? ती हसली, खोकली, परत हसली. "म्हणजे झाडाचा दोष नव्हता तर. बरं झालं, मी त्या बिचाऱ्याला शिव्या घालत होते." म्हटलं, ती काडी तोडून पाण्यात ठेवू का उशाशी? "आता तरी कात्री खाली ठेव. थांबते मी."

थांबली बिचारी. बारा दिवस. सोमवारी गेली आणि गुरुवारी पहिली कळी उमलली. भेटायला आलेली माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारत होती, "कसला वास येतोय हो, छान?"

यंदा मी झुडपाला हात लावलेला नाही. वेडंवाकडं वाढलंय, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसतं पिवळं. जाणारे येणारे म्हणतात, नशीबवान आहात. मी हो म्हणतो, आत येतो आणि खिडकी लावून घेतो... डोकं दुखतं हो त्या वासाने.